एकविसावा रकाना

शुक्रवार, १९ जुलै २०२४. या दिवशी जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. विमाने जमिनीवर राहिली, शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, दुकानांचे गल्ले बंद पडले. हल्लेखोर कोणी नव्हता. संगणकांचे रक्षण करणाऱ्या क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने आपल्या ग्राहकांना नेहमीसारखे एक अपडेट पाठवले होते. त्या अपडेटपर्यंतचे आणि त्यानंतरचे टप्पे पुढे क्रमाने दिले आहेत. वेळा भारतीय आहेत. स्थानिक वेळ दिली असेल तिथे तसा उल्लेख आहे.

२१ एप्रिल २०१०

मॅकॅफी या अँटिव्हायरस कंपनीने ५९५८ क्रमांकाचे अपडेट पाठवले. विंडोज एक्सपीमधली ‘एसव्हीसीहोस्ट’ ही विंडोजची स्वतःची फाइल व्हायरस आहे, असे या अपडेटने ठरवले आणि ती बाजूला काढली. त्या फाइलशिवाय विंडोज धड चालत नाही. कचेऱ्या, रुग्णालये, विद्यापीठे यांतले संगणक पुन्हा पुन्हा बंद होऊन सुरू होऊ लागले. दुरुस्तीसाठी माणसांना एकेका यंत्रापाशी जाऊन बसावे लागले.

मॅकॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी तेव्हा जॉर्ज कर्ट्झ होते. पुढच्या वर्षी, २०११ मध्ये, त्यांनी सहकाऱ्यांसह क्राउडस्ट्राइकची स्थापना केली.

२७ जून २०१७

युक्रेनमध्ये करभरणीसाठी वापरल्या जाणाऱ्या एम. ई. डॉक या सॉफ्टवेअरच्या अपडेट यंत्रणेत हल्लेखोर शिरले होते. त्या वाटेने ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम पसरला. काही तासांत मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पडले. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात याच समूहाच्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे काम थांबले. कंटेनरची चढउतार अडली.

हा हल्ला होता आणि २०१० ची घटना चूक होती. नुकसान मात्र दोन्ही वेळा एकाच वाटेने आले. ज्या वाटेवर संगणक डोळे मिटून विश्वास ठेवतो, ती ही अपडेटची वाट.

२८ फेब्रुवारी २०२४

क्राउडस्ट्राइकने ‘फाल्कन’ या आपल्या सुरक्षा प्रणालीची ७.११ ही आवृत्ती ग्राहकांना दिली. कंपनीचे ग्राहक २९ हजारांहून अधिक होते. त्यांत विमान कंपन्या, बँका, रुग्णालये आणि सरकारी खाती होती.

फाल्कनचा एक भाग विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतो. हल्लेखोर वर कुठेही लपला तरी तिथून दिसण्याची शक्यता जास्त असते, हे त्याचे कारण. या जागेची किंमतही आहे. साधे ॲप चुकले तर विंडोज तेवढेच ॲप बंद करते आणि बाकीचे काम चालू राहते. कर्नलमधला प्रोग्राम चुकला तर विंडोज अख्खा संगणक थांबवते, कारण तसेच पुढे गेले तर साठवलेली माहिती बिघडण्याचा धोका असतो. निळा पडदा दिसतो तो या थांबण्याचा.

७.११ मध्ये एक नवी सोय होती. विंडोजवरचे प्रोग्राम एकमेकांना निरोप देण्यासाठी ‘नेम्ड पाइप’ नावाची वाट वापरतात. हल्लेखोरही तिचा गैरवापर करतात. तो गैरवापर ओळखण्यासाठी कंपनीने तपासणीचा नवा साचा तयार केला.

या साच्यात माहितीचे २१ रकाने होते. संगणकावर ती माहिती गोळा करून तपासणीपुढे ठेवणारा कोड मात्र २० रकान्यांचीच माहिती देत होता.

फरक एका रकान्याचा होता. प्रोग्राम तयार होताना ही संख्या जुळते का, हे पाहणारी कोणतीही पायरी नव्हती.

५ मार्च

नव्या साच्यावर ताण देऊन चाचणी घेण्यात आली. साचा उत्तीर्ण झाला. त्याच दिवशी या साच्यावर बेतलेला पहिला नियम ग्राहकांच्या संगणकांवर गेला. तो ज्या फाइलमधून गेला, तिचा क्रमांक २९१.

चाचणीतल्या आणि प्रत्यक्षातल्या नियमांत एकविसाव्या रकान्यासमोर ‘काहीही चालेल’ अशी खूण होती. काहीही चालणार असेल तर तो रकाना उघडून पाहण्याची गरज पडत नाही. म्हणून प्रोग्रामने तो पाहिला नाही. तिथे माहितीच नाही, हे त्यामुळे कोणालाच कळले नाही.

८ ते २४ एप्रिल

आणखी तीन नियम पाठवले गेले. तिन्ही सुरळीत चालले. तिन्हींत एकविसाव्या रकान्यासमोर तीच खूण होती.

मधले महिने: ग्राहकांचा एक निर्णय

मोठ्या संस्थांमधले संगणक विभाग सावध असतात. नवी आवृत्ती आली की ती लगेच सगळीकडे घालत नाहीत. फाल्कनमध्येही तशी मुभा होती. एक किंवा दोन आवृत्त्या मागे राहण्याचा पर्याय ग्राहकाला निवडता येत असे, आणि अनेकांनी तो निवडला होता.

ही मुभा मूळ प्रोग्रामपुरती होती. हल्ल्यांच्या नव्या तऱ्हा ओळखण्यासाठी दिवसभर जे छोटे नियम येत, त्यांना ती लागू नव्हती. ते नियम सर्व ग्राहकांकडे एकाच वेळी जात. थोड्या यंत्रांवर आधी पाठवावे, काही वेळ थांबावे, मग पुढे जावे, अशी टप्प्यांची पद्धत या नियमांसाठी नव्हती. हल्लेखोर थांबत नाही म्हणून रक्षकानेही थांबू नये, हा त्यामागचा विचार होता.

त्यामुळे सावधपणे मागे राहिलेल्या संस्थेकडेही नवा नियम त्याच मिनिटाला पोहोचणार होता.

१९ जुलै, पहाटे ३ ते ३.३०

अमेरिकेत १८ तारखेची संध्याकाळ होती. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेचा मध्य अमेरिका विभाग बिघडला. फ्रंटियर, सन कंट्री, अलीजियंट या अमेरिकी विमान कंपन्यांचे काम विस्कळीत झाले.

पुढे घडणाऱ्या घटनेशी या बिघाडाचा संबंध नव्हता. परिणाम मात्र झाला. काही तासांनी संगणक बंद पडू लागले, तेव्हा अनेकांनी आधी मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडकडे बोट दाखवले. खरे कारण शोधण्यातली सुरुवातीची मिनिटे त्यात गेली.

सकाळी ९.१५

मुंबईत शेअर बाजार नेहमीप्रमाणे उघडला. राष्ट्रीय शेअर बाजार आणि बीएसई, दोन्ही त्या दिवशी शेवटपर्यंत सुरळीत चालणार होते.

सकाळी ९.३९ च्या आधी

क्राउडस्ट्राइककडे नेम्ड पाइपसाठी आणखी दोन नियम तयार होते. पाठवण्याआधी नियम तपासणारे एक स्वयंचलित साधन होते. दोन्ही नियम त्याच्यापुढे गेले. दोन्हींना हिरवा कंदील मिळाला.

त्या तपासनीसातच चूक होती. माहिती २१ रकान्यांची येणार, असे तो धरून चालला होता. प्रत्यक्षात ती २० ची येत होती.

या दोनपैकी एका नियमात एकविसाव्या रकान्यासमोर ‘काहीही चालेल’ अशी खूण नव्हती. तिथे ठरावीक मजकूर जुळवून पाहायचा होता. म्हणजे तो रकाना पहिल्यांदाच उघडला जाणार होता.

नियम पाठवावा की नाही, हे ठरवताना तीन गोष्टींचा आधार घेतला गेला: मार्चमधली चाचणी, तपासनीस साधनाचा निर्वाळा आणि आधीचे नियम सुरळीत चालल्याचा अनुभव. कंपनीने नंतर आपल्या अहवालात हे तीन आधार स्वतःच नोंदवले. हा नियम ग्राहकाच्या संगणकासारख्या एखाद्या संगणकावर आधी चालवून पाहणे, ही चौथी पायरी त्यात नव्हती.

सकाळी ९.३९

फाइल क्रमांक २९१ ची नवी प्रत रवाना झाली.

सिडनीत दुपारचे २.०९ झाले होते. लंडनमध्ये पहाटेचे ५.०९. न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र होऊन ९ मिनिटे झाली होती. मुंबईत कचेऱ्या भरत होत्या.

ज्या विंडोज संगणकावर फाल्कनची ७.११ किंवा त्यापुढची आवृत्ती होती आणि जो त्या वेळी चालू व इंटरनेटला जोडलेला होता, त्याच्याकडे ही फाइल आपोआप जात होती. कोणाला काही दाबायचे नव्हते. कोणाला विचारलेही जात नव्हते. मॅक आणि लिनक्सवर ही फाइल गेली नाही.

त्यानंतरचा क्षण, प्रत्येक यंत्रावर

फाल्कनने नवी फाइल वाचली. तपासणीची वेळ आली तेव्हा एकविसाव्या रकान्यातली माहिती मागितली. दिलेली माहिती विसाव्यावर संपली होती. प्रोग्राम यादीच्या पुढे, मेमरीतल्या भलत्याच जागी वाचायला गेला. यादी कुठे संपते हे आधी पाहण्याची ओळ कोडमध्ये नव्हती.

विंडोजने ही चूक पकडली आणि संगणक थांबवला. निळा पडदा आला.

संगणक पुन्हा सुरू झाला. फाल्कन हा विंडोजबरोबर अगदी सुरुवातीलाच जागा होणारा प्रोग्राम आहे. चोर आत येण्याआधी रक्षक जागेवर हवा म्हणून तसे ठरवलेले. तो जागा झाला, त्याने तीच फाइल वाचली, संगणक पुन्हा थांबला. हे चक्र चालू राहिले.

सकाळी १० ते १०.५०

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये कामाचा दिवस ऐन भरात होता. बँका, सुपरमार्केटचे गल्ले, वृत्तवाहिन्या, विमानतळ यांतले संगणक एकापाठोपाठ बंद पडले. पडद्यांवरचा मजकूर सगळीकडे एकसारखा होता.

भारतातल्या कचेऱ्यांत लोकांनी नेहमीचा उपाय केला. संगणक बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा तेच.

ब्रिटनमध्ये सकाळ उजाडत होती. स्काय न्यूज ही वाहिनी थेट प्रक्षेपण करू शकली नाही.

सकाळी १०.५७

क्राउडस्ट्राइकने सदोष फाइल मागे घेतली आणि चांगली प्रत ठेवली. पाठवल्यापासून ७८ मिनिटे झाली होती.

यानंतर चालू झालेल्या संगणकांना धोका नव्हता. त्या ७८ मिनिटांत जे रात्रीच्या देशांत बंद होते किंवा इंटरनेटपासून दूर होते, ते वाचले.

जे बंद पडले होते, त्यांच्यापर्यंत चांगली फाइल पोहोचण्याची खात्री नव्हती. चांगली फाइल घेण्यासाठी संगणक सुरू होऊन इंटरनेटला जोडला जावा लागतो. हे संगणक तिथवर पोहोचण्याआधीच थांबत होते. काही यंत्रांना सुरू होण्याच्या त्या चिंचोळ्या वेळात नवी फाइल मिळाली आणि ती सुटली. मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउड ग्राहकांना पुढे सांगितले की संगणक वारंवार बंद-चालू करून पाहा. काहींना १५ वेळा करावे लागले आहे.

बाकीच्यांना माणसाचा हात लागणार होता.

दुपारी १२ च्या आगेमागे, भारतीय विमानतळ

इंडिगो, अकासा, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्स्प्रेस या कंपन्यांनी तांत्रिक अडचण जाहीर केली. ऑनलाइन आरक्षण आणि चेक-इन अडले. मुंबई आणि दिल्ली विमानतळांवर अकासाने चेक-इनचे काम हाताने सुरू केले. प्रवाशांना वेळेआधी येण्याची विनंती करण्यात आली.

बोर्डिंग पास हाताने लिहिले जाऊ लागले: नाव, उड्डाण क्रमांक, आसन, तारीख. हैदराबादहून निघालेल्या एका प्रवाशाच्या हस्तलिखित पासचे छायाचित्र त्या दिवशी देशभर फिरले. छापील पासाला काही सेकंद लागतात. हाताने लिहायला मिनिटे लागतात, आणि विमानात १८० माणसे असतात. रांगा दरवाजापर्यंत आल्या.

इंडिगोने त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवसासाठी मिळून सुमारे २०० उड्डाणे रद्द केली.

दुपारी १२.१८

क्लाउडवर ग्राहकांचे विंडोज सर्व्हर चालवणाऱ्या गूगलनेही ते बंद पडत असल्याची नोंद केली. १२.४५ ला गूगलने कारण सांगितले: क्राउडस्ट्राइकचे अपडेट.

सदोष फाइल जाऊन तीन तास सहा मिनिटे झाली होती.

दुपार, दुरुस्ती

उपाय लिहायला चार ओळी पुरत होत्या. संगणक सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच प्रोग्रामसह, सुरू करा. विंडोजच्या फोल्डरमधल्या ‘सिस्टम३२’ मध्ये, तिथून ‘ड्रायव्हर्स’ मध्ये आणि तिथून ‘क्राउडस्ट्राइक’ मध्ये जा. ‘सी-०००००२९१’ ने सुरू होणारी फाइल काढून टाका. संगणक नेहमीप्रमाणे सुरू करा.

या नावाने सुरू होणाऱ्या एकाहून अधिक फाइल असू शकत होत्या. ओळखायचे कसे, तेही कंपनीने सांगितले. जागतिक वेळेनुसार ४.०९ चा शिक्का असलेली फाइल सदोष. ५.२७ चा किंवा त्यानंतरचा शिक्का असलेली चांगली.

एका संगणकाला काही मिनिटे. पण प्रत्येक संगणकापाशी कोणीतरी जायला हवे होते. विमानतळावरचे उंच फलक, गोदामांतली यंत्रे, कुलूपबंद खोल्यांतले सर्व्हर, घरून काम करणाऱ्यांचे लॅपटॉप, हे सगळे त्यात आले. जे संगणक दुरून दुरुस्त करता येतात, ते बहुतेक वेळा विंडोज सुरू झाल्यावरच करता येतात.

दुसरी अडचण कुलपाची होती. चोरीपासून बचाव व्हावा म्हणून संस्था आपल्या संगणकांतली डिस्क विंडोजमधल्या ‘बिटलॉकर’ या सोयीने कुलूपबंद करतात. अशा संगणकात सेफ मोडमधून शिरायचे तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती प्रत्येक यंत्राची वेगळी असते. अनेक संस्थांनी त्या सगळ्या सर्व्हरवर नीट जपून ठेवल्या होत्या. तो सर्व्हरही विंडोजवर होता, त्यावरही फाल्कन होते आणि तोही निळ्या पडद्यावर होता.

किल्ली कपाटात होती आणि कपाट बंद होते. ज्यांच्याकडे कागदावर किंवा वेगळ्या जागी प्रत होती, ते पुढे गेले. बाकीचे आधी सर्व्हर उठवायला बसले.

दुपारी २.३०

अमेरिकन एअरलाइन्सने आपले काम पुन्हा सुरू झाल्याचे सांगितले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पहाटेचे ५ वाजले होते. त्याआधी अमेरिकन, युनायटेड आणि डेल्टा या तिन्ही मोठ्या कंपन्यांची विमाने जमिनीवर रोखली गेली होती.

दुपारी ३.१५

क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ यांनी एक्सवर निवेदन दिले. बिघाड विंडोजसाठीच्या एका अपडेटमधल्या दोषामुळे झाला, हा सायबर हल्ला नाही, दोष सापडला असून दुरुस्ती पाठवली आहे, असे त्यात म्हटले होते. माफीचा शब्द या पहिल्या निवेदनात नव्हता. त्याच दिवशी नंतर अमेरिकी दूरचित्रवाणीवर त्यांनी माफी मागितली.

दुरुस्ती पाठवली आहे, हे वाक्य खरे होते. ती घेण्याच्या स्थितीत लाखो संगणक नव्हते, हेही खरे होते.

दुपार ते रात्र

जर्मनीत श्लेस्विग-होल्श्टाइन विद्यापीठ रुग्णालयाने कील आणि ल्यूबेक इथल्या, तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया रद्द केल्या. इंग्लंडमध्ये डॉक्टरांच्या दवाखान्यांत रुग्णांच्या नोंदी उघडेनात. भेटीच्या वेळा आणि औषधांच्या चिठ्ठ्या अडल्या. अमेरिकेत काही राज्यांत ९११ या आपत्कालीन क्रमांकाच्या सेवेत अडथळे आले.

भारतात ‘सर्ट-इन’ या सरकारी यंत्रणेने इशारा आणि दुरुस्तीच्या पायऱ्या प्रसिद्ध केल्या. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या जाळ्यावर परिणाम झाला नसल्याचे माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितले. रिझर्व्ह बँकेने आढावा घेतला: १० बँका आणि बिगर-बँक वित्तसंस्थांच्या कामात किरकोळ अडथळे आले होते. बहुतेक बँकांच्या महत्त्वाच्या यंत्रणा क्लाउडवर नव्हत्या आणि क्राउडस्ट्राइक वापरणाऱ्या बँका थोड्याच होत्या.

त्याच दिवशी भामटेही कामाला लागले. दुरुस्तीच्या नावाने खोट्या वेबसाइट उभ्या राहिल्या. ‘हॉटफिक्स’ असे नाव दिलेली एक फाइल फिरू लागली. तिच्यात दुरुस्ती नव्हती, घुसखोरीचा प्रोग्राम होता. घाईत असलेला, थकलेला संगणक विभाग हे त्यांचे लक्ष्य होते.

दिवस संपेपर्यंत जगभरात ५ हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली होती. क्राउडस्ट्राइकचा शेअर सुमारे ११ टक्के घसरून बंद झाला.

२० जुलै, पहाटे ३

भारतीय विमानतळांवरच्या विमान कंपन्यांच्या यंत्रणा पुन्हा नीट चालू लागल्या. नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी नंतर ही वेळ जाहीर केली. सदोष फाइल जाऊन १७ तास २१ मिनिटे झाली होती.

२० जुलै, दिवसभरात

मायक्रोसॉफ्टने अंदाज दिला: ८५ लाख संगणक बाधित. जगातल्या एकूण विंडोज संगणकांच्या १ टक्क्याहूनही हे प्रमाण कमी होते. पण हा छोटा हिस्सा घरातल्या टेबलांवर नव्हता. तो तिकीट खिडकीवर, शस्त्रक्रियागृहाशेजारी आणि बँकेच्या काउंटरवर होता.

पेनड्राइव्ह लावून सदोष फाइल काढणारे साधन मायक्रोसॉफ्टने त्याच दिवशी दिले. त्यामुळे टंकनाचे काम वाचले. यंत्रापर्यंत चालत जाणे वाचले नाही.

२४ जुलै

क्राउडस्ट्राइकचा प्राथमिक अहवाल आला. यापुढे असे नियम टप्प्याटप्प्याने पाठवले जातील आणि ते केव्हा घ्यायचे हे ग्राहकाला ठरवता येईल, असे त्यात सांगितले होते.

डेल्टा एअरलाइन्सचे विमानकर्मचाऱ्यांचे वेळापत्रक सांभाळणारे सॉफ्टवेअर तोवर रुळावर येत होते. पाच दिवसांत या एका कंपनीची सुमारे ७ हजार उड्डाणे रद्द झाली, सुमारे १३ लाख प्रवाशांना फटका बसला. ४० हजार सर्व्हर हाताने दुरुस्त करावे लागले आणि ५० कोटी डॉलरचे नुकसान झाले, असे डेल्टाच्या प्रमुखांनी नंतर सांगितले.

२५ जुलै

यादी कुठे संपते हे आधी पाहण्याची ओळ फाल्कनच्या कोडमध्ये घालण्यात आली.

२९ जुलै

विंडोजवरचे सुमारे ९९ टक्के फाल्कन पुन्हा कंपनीशी जोडले गेले. दहा दिवस लागले होते.

६ ऑगस्ट

मूळ कारणाचा संपूर्ण अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात सहा उणिवा नोंदवल्या होत्या. रकान्यांची संख्या जुळते का, हे प्रोग्राम बनताना पाहिले गेले नाही. वाचताना यादीची मर्यादा पाहिली गेली नाही. चाचण्यांत पुरेशी विविधता नव्हती. तपासनीसाच्या तर्कात चूक होती. नियम प्रत्यक्ष फाल्कनमध्ये चालवून पाहिला गेला नाही. आणि तो टप्प्याटप्प्याने पाठवला गेला नाही.

पहिल्या पाचांपैकी कोणतीही एक पायरी असती, तर ही फाइल बहुधा बाहेरच पडली नसती, किंवा पडूनही निरुपद्रवी ठरली असती. पाचही नसत्या आणि फक्त सहावी असती, तर थोडे संगणक बंद पडले असते, फोन आले असते, आणि पुढची पाठवणी थांबली असती.

२४ सप्टेंबर

क्राउडस्ट्राइकचे वरिष्ठ उपाध्यक्ष ॲडम मेयर्स अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीपुढे हजर झाले. त्यांनी कंपनीच्या वतीने माफी मागितली.

आज

या घटनेनंतर एक सल्ला सर्रास ऐकू येऊ लागला: अपडेट घेऊच नका. हा सल्ला घातक आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रामने जगभरातले संगणक ओलीस धरले, तेव्हा त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता, ते प्रामुख्याने सापडले. अपडेट टाळणारा संगणक दार उघडे ठेवून झोपतो.

दोष अपडेट घेण्याचा नव्हता. एकाच क्षणी सगळ्यांना पाठवण्याचा होता. सॉफ्टवेअर लिहिणारी माणसे चुकणार, चाचण्यांतून काही निसटणार. हे धरूनच व्यवस्था उभारायची असते. अशा व्यवस्थेत चूक आधी थोड्यांवर पडते, दिसते आणि थांबवता येते. क्राउडस्ट्राइककडे २०१० चा धडा होता. तो धडा शिकलेला माणूस कंपनीच्या सर्वोच्च खुर्चीत होता. तरीही टप्प्यांची पायरी ८५ लाख संगणक बंद पडल्यानंतर आली. याची जबाबदारी कोणा एका प्रोग्रामरची ठरत नाही. वेगासाठी ती पायरी वगळणे ज्यांनी मान्य केले, त्यांची ती आहे.

आपल्याकडची बँक, पतसंस्था, रुग्णालय, महाविद्यालय किंवा नगरपालिका चालवणाऱ्यांनी या आठवड्यात आपल्या संगणक विभागाला तीन प्रश्न विचारावेत. आपल्या सर्व यंत्रांवर कोणाचे अपडेट न विचारता येते आणि ते आधी एक-दोन यंत्रांवर घेऊन पाहता येईल का? रिकव्हरी की कुठे आहेत, आणि मुख्य सर्व्हर बंद असताना त्या हाती येतील का? सगळे संगणक सकाळी ९.३९ ला बंद पडले, तर १० वाजता येणाऱ्या माणसाचे काम कागदावर कसे करायचे, हे कोणाला ठाऊक आहे? उत्तरे लेखी घ्या आणि त्याची एक प्रत संगणकाबाहेर ठेवा.